जलविभाजकाच्या उत्तरेस

ज्या मुलखात नद्या उगम पावतात परंतु मोठ्या होत नाहीत, ज्याच्या डोंगरांना उंची असूनही शिखर म्हणून दाखवावे असे टोक नाही, आणि ज्याचे तलाव बहुतेक सर्व माणसाने घातलेल्या पाळीच्या आधाराने उभे आहेत, अशा मुलखाचे वर्णन करावयास भूगोलाचे ग्रंथकार सहसा प्रवृत्त होत नाहीत. वाशिम जिल्ह्याचा उत्तर भाग हा असाच एक उपेक्षित मुलूख होय. पश्चिमेस मेडशीच्या रानापासून निघून, काटेपूर्णेचे खोरे ओलांडून, मंगरूळपीरच्या उत्तरेकडील टेकड्यांवरून पूर्वेस कारंजाच्या गवताळ माळापर्यंत जाणारा हा पट्टा कोणत्याही एका नावाने ओळखला जात नाही. सरकारदरबारी तो तीन तालुक्यांत विभागलेला आहे, वनखात्याचे लक्ष त्यातील दोन अभयारण्यांवर असते, आणि अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या प्रवाशास तो घाट संपून सपाटी लागेपर्यंतचा वळणावळणाचा रस्ता एवढाच ठाऊक असतो. परंतु पाणी आणि झाडे यांच्या दृष्टीने पाहू जाता तो एक आणि अखंड आहे, व त्याचे वर्णनही अखंडपणेच व्हावयास हवे, या धारणेने प्रस्तुत ग्रंथ लिहिला आहे. त्या धारणेचा आधार वाचकांपुढे ठेवणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन.

प्रथम उताराचा विचार केला पाहिजे. वाशिम तालुक्यातील काटा या गावाच्या आसपासचा उंचवटा सामान्य दृष्टीस अगदी साधा वाटतो: सोयाबीन आणि तूर यांची वावरे, धुऱ्यावर बाभळी आणि निंब, मधूनच उघड्या मुरमाचा तांबूस पट्टा. याच उंचवट्याच्या परिसरात दोन समुद्रांचे पाणी वाटले जाते. उत्तरेस वळलेला ओघळ काटेपूर्णेस मिळतो, काटेपूर्णा अकोला जिल्ह्यात उतरून पूर्णेस, पूर्णा चांगदेवाजवळ तापीस, आणि तापी सुरतेपलीकडे पश्चिम समुद्रास. दक्षिणेस वळलेला ओघळ पूस नदीच्या वाटेने पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, आणि पुढे प्राणहितेच्या द्वारे गोदावरीत जाऊन पूर्व समुद्राचा मार्ग धरतो. अरुणावती आणि अडाण या आणखी दोन नद्या याच जिल्ह्याच्या उंच भागात जन्मून यवतमाळ जिल्ह्याकडे उतरतात. बाहेरून येणारी मोठी नदी म्हणजे पैनगंगाच. ती बुलढाणा जिल्ह्यातून येते आणि रिसोडच्या बाजूने, हिंगोलीच्या सीमेवरून पुढे निघून जाते. इतर नद्यांना हा जिल्हा माहेरापुरता लाभला आहे.

या एका गोष्टीतून येथील जीवनाच्या कितीतरी अडचणी उत्पन्न झाल्या आहेत. उगमापाशी नदीचे पात्र अरुंद असते, तिला पाणी पुरविणारा मुलूख थोडा असतो, आणि उतार तीव्र असल्यामुळे आषाढ-श्रावणात आलेला पूर प्रहर दोन प्रहरांत ओसरून जातो. माघ संपता संपता पात्रातले वाहणे थांबते, आणि फाल्गुनात बायकामाणसे वाळूत झिरे उकरून त्यांत हळूहळू जमणारे पाणी वाटीने घागरीत भरू लागतात. पाऊस अगदीच कमी पडतो असे नव्हे. पडलेला पाऊस राहत नाही, हे खरे दुःख आहे. वऱ्हाडच्या दुष्काळाविषयी लिहिणाऱ्यांनी आकाशाकडे जेवढे पाहिले तेवढे जमिनीच्या उताराकडे पाहिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या लोकांना मात्र उताराचे महत्त्व पुरते ठाऊक होते. मोगलाईच्या काळापासून वऱ्हाडचे दोन भाग मानले जात: पूर्णेच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन हा पयानघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेने तोलून धरलेले दक्षिणेकडील पठार हा बालाघाट. अकोला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२५ फुटांवर, तर वाशिम १,७५८ फुटांवर वसले आहे. या दोहोंमधली आठशे फुटांहून अधिक चढण बव्हंशी पातूरच्या पुढील घाटात चढावी लागते. ज्या मुलखाचे वर्णन येथे योजिले आहे तो नेमका या चढणीवर, म्हणजे बालाघाटच्या उत्तर काठावर, पसरला आहे. त्याच्या पायाखाली सर्वत्र काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेला शिलारस थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले, आणि घाटाच्या कापलेल्या दरडीत हे थर आजही स्पष्ट दिसतात: खाली घट्ट, जवळजवळ निळसर खडक, त्यावर बुडबुड्यांच्या खुणांनी भरलेला जांभळट, ठिसूळ खडक, मधूनच विटकरी रंगाच्या मातीची हातभर पट्टी. घट्ट खडक पाणी घेत नाही, ठिसूळ खडक घेतो आणि काही काळ धरून ठेवतो. म्हणूनच एका शिवारात शंभर पावलांच्या अंतरावरील दोन विहिरींपैकी एक चैत्रापर्यंत मोट, अर्थात आता मोटारपंप, चालू ठेवते, आणि दुसरी दिवाळीलाच तळ दाखविते.

अशा भूमीत नैसर्गिक सरोवर निर्माण होणे दुर्घट होय. या बाजूस सरोवर म्हणण्याजोगा एकच जलाशय निसर्गाने दिला, तो लोणारचा. आणि तोही जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने याच काळ्या पाषाणात पडलेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातले खारे पाणी जगातील शास्त्रज्ञांना आकर्षित करते, आणि २०२० साली त्याची गणना रामसर स्थळांत झाली, हे योग्यच झाले. परंतु लोणारचे तेज इतके प्रखर आहे की त्याच्या शेजारचे साधे, गोड्या पाण्याचे, माणसांच्या श्रमाने झालेले तलाव कोणाच्या नजरेत भरत नाहीत. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी ज्या नगरात होती त्या वाशिमात पद्मतीर्थ आहे, बालाजीच्या मंदिरालगत देवतलाव आहे; आणि उत्तरेस कारंजा येथे, नृसिंह सरस्वतींच्या त्या जन्मग्रामात, ऋषी तलाव आहे. व्याधीने गांजलेल्या करंज ऋषीसाठी देवीने हा तलाव उत्पन्न केला व त्यात स्नान करून तो शुद्ध झाला, अशी कथा तेथे सांगतात. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागणे व्यर्थ आहे. ज्या गावाने आपल्या पाण्याचा उगम कृपेत शोधला, त्या गावाला त्या पाण्याची किती गरज भासली असेल याचा पुरावा मात्र ती कथा निश्चित देते.

अर्वाचीन काळातील जलाशय याहून मोठे आहेत आणि त्यांचा हिशेबही निराळा आहे. कारंजा तालुक्यात अडाण नदीवर धरण झाले, वाशिम शहरास पाणी देणारा एकबुर्जीचा जलाशय झाला, आणि या सर्वांहून विस्तीर्ण असा काटेपूर्णेचा जलाशय महान येथे झाला. महानची भिंत अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यात आहे. तिच्या मागे साचणारे पाणी मात्र बहुतांशी वाशिमच्या डोंगरातून उतरते, आणि अकोला शहराची तहान मुख्यत्वे त्याच पाण्यावर भागते. अकोल्याच्या नागरिकाने आपल्या घरातील नळ उघडला म्हणजे त्याचा संबंध काटा आणि मालेगावच्या शिवारांशी जुळतो. त्या शिवारातील झाड तुटले, बांध फुटला, माती वाहून गेली, तर गाळ शेवटी महानच्या जलाशयातच येऊन बसणार आहे. एका जिल्ह्याने रान राखावे आणि दुसऱ्याने पाणी प्यावे अशी ही वाटणी निसर्गाने केली असताना, रान राखणाऱ्या गावांचा विचार पाणी पिणाऱ्या नगराच्या अंदाजपत्रकात कोठेही येत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

जलाशयाच्या काठचे जीवन पाहावयाचे असेल तर पौषानंतर जावे. पाणी जसजसे मागे सरते तसतशी बुडीत क्षेत्रातील गाळाची जमीन उघडी पडत जाते, हीच गाळपेर. वरचा थर वाळून त्याला भेगा पडू लागलेल्या असतात, परंतु हाताने तो उचलला की खाली लोण्यासारखी मऊ, काळीभोर ओल लागते. येथे नांगराची फारशी आवश्यकता पडत नाही. काठाकडून पाण्याकडे अशा क्रमाने पेरणी सरकत जाते; वरच्या पट्ट्यात हरभरा घाट्यावर आलेला असतो तेव्हा मधल्यात तो फुलात असतो, आणि अगदी पाण्यालगत टरबुजाच्या वेलांसाठी हातभर खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरण्याचे काम चाललेले असते. पाण्याच्या कडेवर चक्रवाकांच्या केशरी जोड्या चरत असतात. उत्तरेकडील शीत प्रदेशांतून उतरलेले हे पाहुणे माघाच्या अखेरीस परतू लागतात. पिकणारी जमीन, पाणी आणि पक्षी यांची सीमारेषा अशी दर आठवड्यास बदलत असते. धरणाचे पाणी उशिरा सोडले की वेल बुडतात, लवकर सोडले की ओल उडते. गाळपेरीच्या मनुष्याचे नशीब कोसभर दूर असलेल्या दरवाज्याच्या चाकावर अवलंबून असते, आणि तरीही दरवर्षी तो पेरतो.

आता अरण्याकडे वळू. काटेपूर्णा जलाशयाच्या सभोवतीचे रान १९८८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर असून ते अकोला आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. हे रान शुष्क पानझडीचे. साग त्याचा मुख्य वृक्ष, आणि त्याच्या संगतीस धावडा, सालई, ऐन, मोह, टेंभुर्णी, खैर, पळस, बिबा. ज्यांनी कोकणातील किंवा मेळघाटातील रान पाहिले आहे त्यांना हे प्रथमदर्शनी दरिद्री वाटण्याचा संभव आहे, विशेषतः ते उन्हाळ्यात आले तर. कारण फाल्गुनात साग निष्पर्ण होतो, जमिनीवर त्याच्या परातीएवढ्या पानांचा करकरणारा थर पडतो, आणि डोंगराची हाडे दिसू लागतात. पण ही पानगळ म्हणजे झाडांची काटकसर आहे. झिजलेल्या खडकात उरलेल्या ओलीवर आठ महिने काढावयाचे असतील तर पाने ठेवणे परवडत नाही. आणि त्याच निष्पर्णतेत पळस पेटतो, मोहाची फुले पहाटे टपटपू लागतात, सालईची साल कागदासारखी सुटून तिच्या खालचा हिरवट-पांढरा बुंधा उन्हात चमकतो.

बिब्याविषयी येथे दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण या रानाचा आणि माणसांचा संबंध त्यात जितका दिसतो तितका दुसऱ्या कशात नाही. बिब्याच्या काळ्या बीजाच्या कवचात दाहक तेल असते. कातडीस लागले की फोड उठतात, डाग राहतात. आतली गोडंबी मात्र गोड आणि पौष्टिक, आणि बाजारात तिला चांगली किंमत येते. वाळलेले बिबे दगडावर उभे धरून, एकेक ठोका मारून, आतला गर अखंड काढण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. बोटांना राख फासलेली, मान किंचित वळविलेली, म्हणजे उडालेला थेंब डोळ्यांत जाऊ नये. तरीही बोटांच्या पेरांवरील काळे डाग जन्मभर जात नाहीत. शहरातील बाळंतिणीच्या डिंकलाडवात पडणारी गोडंबी अशा हातांतून आलेली असते, हे त्या लाडवांचा आस्वाद घेणाऱ्या प्रत्येकास कळले पाहिजे. वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि पानांचे पुडके बांधणारी कुटुंबे पहाटेच्या अंधारात रानात शिरतात.

या अरण्यातील प्राण्यांत बिबट, भेकर, रोही, रानडुक्कर, तडस हे आहेत. परंतु खरे भूषण म्हणजे चौसिंगा. चार शिंगे असलेला हा लहानसा मृग भारत आणि नेपाळ यांखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही. तो कळपाने राहत नाही, उघड्यावर येत नाही, आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. त्याला आडोसा आणि पाणी ही दोन्ही जवळजवळ लागतात. ज्या रानात तळे नाही तेथे तो उन्हाळ्यात टिकत नाही, आणि ज्या तळ्याभोवती रान नाही तेथे तो फिरकतही नाही. तलाव आणि अरण्य यांचे वर्णन या ग्रंथात एकत्र का केले, असा प्रश्न कोणी विचारील तर मी चौसिंग्याकडे बोट दाखवीन.

कारंजाकडील चित्र याच्या उलट आहे. २००० साली जाहीर झालेले कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य अवघे १८.३२ चौरस किलोमीटरांचे, आणि त्याचे वैभव झाडांत नसून गवतात आहे. काळविटाला दूरवर पाहावयास मोकळा माळ हवा. दाट झाडी त्याला अडचणीची. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे झाडे लावून सुधारावयाची जमीन, अशी समजूत इतकी दृढ झाली आहे की गवताच्या संरक्षणासाठी राखलेल्या क्षेत्राचे महत्त्व सुशिक्षितांनाही पटवून द्यावे लागते. गावोगावच्या ई-वर्ग जमिनी, ज्यांवर गावाची जनावरे चरत, याच समजुतीने आक्रसत गेल्या. गवताळ माळ गेला की गुरे रानात शिरतात, आणि काळवीट पिकात.

या मुलखाचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातून दफ्तरी सीमांचे अस्थैर्यच तेवढे सिद्ध होते. अबुल फजलाच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशिमचे सरकार नोंदलेले आहे. पुढे निजाम आणि भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली या डोंगरकाठच्या परगण्यांची जी स्थिती झाली ती जमाबंदीच्या कागदांत ‘बेचिराग’ या एका शेऱ्याने व्यक्त होते; वस्ती उठलेली कितीतरी मौजे या काठावर होती. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांनी अशी गावे इजाऱ्याने देण्यात आली, आणि इजारदारांनी वस्ती वसवीत, रान तोडीत जमीन लागवडीस आणली. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा घाव भयंकर होता; १९०१ च्या खानेसुमारीत तेव्हाच्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली, म्हणजे दहा वर्षांत ११ टक्के घट झाली. १९०५ साली तो जिल्हाच मोडला गेला व त्याचा मुलूख अकोला आणि यवतमाळ यांत वाटला गेला. १९१० सालच्या अकोल्याच्या गॅझेटियरात वाशिमचा समावेश त्यामुळेच आहे. १ जुलै १९९८ रोजी सहा तालुक्यांचा जिल्हा पुन्हा निर्माण झाला. इतक्या वेळा कागदावरील रेघा हलल्या, पण काटेपूर्णेने आपला मार्ग बदलला नाही.

आज या पट्ट्यातून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा ही नावे महामार्गाच्या फलकांवर दूरदूरच्या प्रवाशांना दिसू लागली आहेत. प्राण्यांच्या जाण्यायेण्यासाठी या महामार्गावर खालून व वरून वाटा ठेवल्या आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्या वाटांच्या दोन्ही टोकांस रान आणि माळ शिल्लक राहिले तरच त्यांचा उपयोग. तांड्यांवरचे बंजारा बांधव, ज्यांचे पोहरादेवी हे श्रद्धास्थान याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आहे, आणि डोंगरकाठचे आंध आदिवासी हे या मुलखाचे खरे जाणकार. कोणत्या नाल्यास किती दिवस पाणी राहते आणि कोणत्या टेकडीवर गवत अगोदर वाळते हे त्यांच्याइतके नकाशा काढणाऱ्यास कधी कळणार नाही.

ग्रंथाची मांडणी तालुकावार न करता खोरेवार केली आहे: प्रथम काटेपूर्णेचे खोरे, मग अडाणचे, आणि शेवटी दोहोंमधील टेकड्या व माळ. त्यामुळे आपले गाव कोणत्या प्रकरणात आहे हे शोधताना वाचकास काहीसा त्रास पडेल. पण तो शोध घेताना आपल्या शिवाराचे पाणी कोणत्या बाजूस जाते हे त्यास समजेल, आणि ते समजावे हाच माझा हेतू आहे. मोठ्या नद्यांची व जलाशयांची नोंद सरकारी नकाशांत आहे. लहान नाल्यांची, झिऱ्यांची, आटलेल्या तळ्यांची आणि बुजलेल्या बारवांची नावे मात्र केवळ म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहेत. या भागातील शिक्षकांस व पटवाऱ्यांस माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या शिवारातील अशी नावे, ठिकाणे, आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ही माहिती विद्यार्थ्यांकरवी टिपून घ्यावी व ग्रामपंचायतीच्या दफ्तरी ठेवावी. येत्या पावसाळ्यापूर्वी काम सुरू केले तर उत्तम, कारण ही माहिती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.